आत्याबाईंचं पाणी

नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि मग घसा खाकरून भाषणाला उभ्या राहिलेल्या अध्यक्षांना ऐन वेळी काहीच सुचू नये, तसा गप्प झाला. तोटीशी एक थेंब लोंबकळत होता, तोही पडेना. खाली बादली धरून उभ्या असलेल्या त्याने चावी आणखी सैल केली, मग घट्ट केली, मग पुन्हा सैल केली, जणू चूक चावीची होती. तोंडात अजून टूथपेस्टची चव होती. काचेच्या टाकीतलं पाणी काढायचं तर रबरी नळीचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढ द्यावी लागते, आणि तोंड बाजूला घ्यायचा नेमका क्षण त्याला साधत नाही. आजही शेवाळाच्या चवीचा एक मोठा घोट थेट घशापर्यंत गेला होता. मग नळीचं टोक मोरीत सोडून त्याने दात घासले, जीभ घासली, भरपूर गुळण्या केल्या, आरशात दात पाहिले, पुन्हा गुळण्या केल्या. म्हणजे इमारतीत उरलेलं शेवटचं पाणी त्याने गुळण्यांत घालवलं, आणि तेवढ्या वेळात नळी आपलं काम इमानेइतबारे करत राहिली. बदलायचं होतं थोडंसंच पाणी. आता पायाशी नळीने हवा ओढल्याचा गुळगुळ आवाज केला, आणि त्याने बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं तेव्हा भिंतीलगतच्या त्या भल्यामोठ्या काचेच्या टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं. त्यात आत्याबाई कुशीवर झाल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे मासा. गोल्डफिश. मुलगी लहान असताना कुणाच्या तरी वाढदिवसाहून प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली होती, तेव्हा करंगळीएवढी होती आणि पंधरा दिवसांच्या वर टिकणार नाही असं सगळ्यांचं, विशेषतः त्याचं, मत होतं. मुलगी मोठी झाली, शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला गेली; मासा टिकला. तळहाताएवढा झाला, शेंदरी रंग उतरून पांढुरका झाला, आणि तोंडाचे कोपरे असे खाली वळले की लग्नाला येऊन व्यवस्थेत खोट काढणाऱ्या नातेवाइकासारखा चेहरा झाला. आत्याबाई हे नाव त्याने ठेवलं. या टाकीला त्याने आजवर दिलेलं ते एकमेव योगदान. बाकी सगळं बायकोने केलं. कोपरापर्यंत हात बुडवून गोटे धुणं, काच घासणं, पाण्याला नाक लावून वास घेणं. तो समोर पेपर वाचत बसलेला असे, आणि तिची ओली बाही हाताला लागली की किंचित सरकून बसत असे.

त्याने वाकून काचेतून पाहिलं. वरचा पंख पाण्याबाहेर आला होता आणि हवेत फडफडत होता, ओला कागद फडफडावा तसा. गालाची झडप उघडत होती, मिटत होती. एक डोळा छताकडे होता. त्या डोळ्यात काही भाव नव्हता, माशांच्या नसतोच, पण त्याला मात्र तो वाचता आला. नक्की काय झालंय ते मग त्याला हळूहळू, पायाकडून वर चढत जाणाऱ्या गारठ्यासारखं कळत गेलं. आज गुरुवार. आणि गुरुवारी मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण दिवस पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी पुरेसा साठा करून ठेवावा व सहकार्य करावे, होणाऱ्या गैरसोयीबद्दल खाते दिलगीर आहे. हे त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं, कारण ते त्यानेच लिहिलं होतं.

तो पाणीपुरवठा खात्याच्या जनसंपर्क कक्षात होता. सबंध उमेदीची वर्षं त्याने ही सूचना लिहिण्यात घालवली होती. तारीख बदलायची, भाग बदलायचा, दिलगिरी तीच. इतकी वर्षं दिलगीर राहिल्यामुळे त्याला खरोखरच्या प्रसंगी दिलगीर होता येत नसे, हात आपोआप त्या साच्यात जाई. या सूचना कुणी वाचत नाही याची त्याला खात्री होती, आणि आज त्या खात्रीला पुरावा मिळाला, कारण ती त्याने स्वतःही वाचली नव्हती. लिहिली, पाठवली, विसरला, गुरुवारची रजा टाकली आणि मनाशी ठरवलं की आज टाकी साफ करू. पाणी गढूळ झालं होतं. बायको घरात असताना ते गढूळ होत नसे. आता होत होतं, कारण तो खायला जास्त घालत होता. जाताना तिने एवढंच सांगितलं होतं, "दोन वेळा चिमूटभर. मागितलं तरी घालू नकोस, तिला सवयच आहे मागायची." पण संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं की आत्याबाई काचेजवळ येत, तोंड उघडत, शेपूट हलवत, आणि तो आला म्हणून घरातलं कुणीतरी जवळ येतंय ही गोष्ट चिमटीत मावणारी नव्हती.

बायको धाकट्या बहिणीकडे गेली होती. "काही दिवस जाऊन येते." भांडण नव्हतं. भांडण असतं तर त्याला निदान आपली बाजू मांडता आली असती. ती बॅग भरत होती आणि तो दारात उभा होता, आणि किती दिवस असं विचारणं म्हणजे आपणच मुदत ठरवून देणं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. त्याच्या सूचनांत त्यासाठी एक सोयीचा शब्दप्रयोग होता, पुढील सूचनेपर्यंत. तो त्याने मनातच वापरला आणि बॅग टॅक्सीपर्यंत नेऊन दिली. त्याला महिना झाला. अधूनमधून फोन येई, त्यात ती आत्याबाईंची चौकशी करी आणि तो उत्तरं देई. त्यामुळे त्याच्या डोक्यात एक हिशेब हळूहळू पक्का बसत गेला होता, जो त्याने कुणालाच सांगितला नव्हता: ती परत येईल ती माशासाठी. त्याच्यासाठी येईल असं समजायला त्याच्याकडे काही आधार नव्हता, पण आत्याबाईंना ती अशी टाकून राहणार नाही. आत्याबाई जिवंत आहेत तोवर हे घर तिचं आहे. आणि आता आत्याबाई कुशीवर होत्या.

त्याने स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पिंप उघडलं. निम्मं भरलेलं होतं. ते उचलून टाकीशी आणलं, तिरकं केलं, आणि तो थबकला. बायकोचं एक वाक्य आठवलं, पण अर्धवट. फिल्टरच्या पाण्याबद्दल ती काहीतरी म्हणाली होती, चांगलं की वाईट ते आठवेना. तेव्हा तो ऐकत नव्हता, हं म्हणत होता. पिंप खाली ठेवून त्याने फोनवर शोधलं. मासे पाळणाऱ्यांचं जग त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं आणि बरंच तापट निघालं. एक म्हणत होता, फिल्टरच्या पाण्यात क्षारच नसतात, मासा फुगून मरतो. दुसरा म्हणत होता, आम्ही वर्षानुवर्षं तेच घालतो. तिसरा पहिल्या दोघांना मूर्ख म्हणत होता आणि स्वतः काय घालतो ते सांगत नव्हता. उकळून गार केलेल्या पाण्यात हवा नसते. बर्फाच्या पाण्याने धक्का बसतो. विहिरीचं जड, पावसाचं आंबट, तळ्याचं रोगट. तासभर वाचल्यावर त्याला असं वाटायला लागलं की पाण्यात मासे जगतात ही एक अफवा असावी.

त्याने खात्यातल्या दुरुस्ती विभागाच्या साहेबांना फोन लावला. त्यांना सगळे व्हॉल्व्हसाहेब म्हणत. मागे कुठेतरी ड्रिल चालू होतं.

"पाणी? उद्या सकाळी सोडू," व्हॉल्व्हसाहेब ओरडले. "पण लगेच घेऊ नका हां. लाइन उघडलीय ना, डबल डोस मारतोय औषधाचा. तुम्हीच टाका की सूचनेत, उकळून प्या म्हणून."

"माशाला चालेल का?"

"कुठल्या माशाला?"

"घरातल्या."

ड्रिल थांबलं. "अहो," व्हॉल्व्हसाहेब जपून म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना? वहिनी आल्या का?"

म्हणजे खात्यात माहीत होतं. तो हो-नाही काहीतरी म्हणाला आणि फोन ठेवला. मग उगीचच खोलीभर फिरला. टाकीपाशी आला की चालणं हळू व्हायचं आणि खिडकीपाशी गेला की भरभर. गॅलरीच्या कठड्यावर टप असा आवाज झाला, थोड्या वेळाने पुन्हा टप. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा एसी. या गळतीवरून त्या दोघांत जुनं वैर होतं. डॉक्टर म्हणत, हवा आहे तर पाणी निघणारच. तो म्हणे, निघू दे, पण माझ्या कठड्यावर का. त्याने बादली आणून बरोबर त्या थेंबाखाली ठेवली. आवाज बदलला. वरून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं.

"काय हो, आज तक्रार नाही?"

"नाही. उलट जरा जोरात लावा."

"काय?"

"एसी. जोरात लावा. सगळ्यात थंड."

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा दात काढावा लागणार, भूल देऊन. पण लावला. थेंब जलद पडायला लागले. बादलीचा तळ ओला झाल्यावर त्याने वाचलं की एसीचं पाणी तांब्याच्या नळ्यांवरून येतं आणि तांबं माशाला विष. बादली तशीच राहू दिली. कुठल्या तरी भांड्यात काहीतरी साठतंय, एवढा दिलासासुद्धा त्याला त्या घटकेला हवा होता.

समोरच्या इमारतीत बोअरवेल होती. तो दोन बादल्या घेऊन रस्ता ओलांडून गेला. तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई जिन्यातच भेटल्या आणि त्यांनी आधी बादल्यांकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाणी खात्यातले ना?"

"जनसंपर्कातला."

"मग करा की संपर्क! आमच्या गटाराची तक्रार दोनदा केली, कुणी फिरकलं नाही. आणि आता आमच्याकडेच बादल्या घेऊन?" पण बाई मनाने मोकळ्या होत्या, बोलून झाल्यावर मोटर लावायला सांगितली. "न्या, न्या. धुण्याला नेताय का? पांढरे डाग पडतात हां कपड्यांवर. आमच्या नळांची तोंडं बघा, पोपडे धरलेत."

त्याने नळाचं तोंड पाहिलं. त्यावर चुन्याचा जाड पांढरा थर होता, हाडासारखा. बादल्या भरून तो घरी आला आणि त्या टाकीशेजारी ठेवल्या, पिंपाच्या बाजूला. मग दुकानात जाऊन पाण्याचे सीलबंद जार आणले, वाटेत माशांच्या सामानाच्या दुकानात शिरला. दुकानदाराने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक निळी बाटली पुढे केली. "कुठलंही पाणी घ्या, याचं एक झाकण टाका." बोअरचं असलं तरी? "त्याला ही पिवळी." फिल्टरचं? "मग पिवळी आणि ही पांढरी." आणि मासा म्हातारा असला तर? दुकानदार थोडा विचारात पडला. "नवीन दाखवू का?" त्याने मागच्या काचेकडे हात केला. तिथे करंगळीएवढे असंख्य शेंदरी मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. "सेम टु सेम येतात, साहेब. घरी कळत पण नाही." कळत नाही हे बरोबर होतं, त्याला कळलं नसतंच. त्याने निळी, पिवळी, पांढरी तिन्ही घेतल्या आणि जवळजवळ पळतच बाहेर पडला.

घरी आला तेव्हा दुपार कलली होती आणि बाहेरची खोली एखाद्या प्रयोगशाळेसारखी दिसत होती, जिथे प्रयोग मात्र कुणालाच माहीत नाही. फिल्टरचं पाणी, जारचं पाणी, बोअरचं पाणी, गॅलरीत एसीचं पाणी. इतकं पाणी या घरात एका वेळी कधी नव्हतं, आणि त्यातलं एक भांडंभर टाकीत घालायची त्याची छाती नव्हती. प्रत्येक पाण्याविरुद्ध कुणी ना कुणी काही ना काही बोललं होतं. हेच त्याचं कायमचं झालं होतं. काहीही करण्याआधी तो त्याच्या विरुद्धची बाजू पूर्ण ऐकून घेई, आणि तोवर करायची वेळ निघून गेलेली असे. मग तो समजूतदार ठरे. मागे एका संध्याकाळी तो ऑफिसमधून लवकर आला होता, दार उघडं होतं, आणि बायको टाकीत हात घालून माशाशी बोलत होती. "आत्याबाई," ती म्हणत होती, "आज कुणीतरी मला नुसतं विचारायला हवं होतं हो." तो दारात थांबला. कुणी विचारायला हवं होतं, काय विचारायला हवं होतं, आज काय होतं? त्याला काही आठवेना. न आठवता आत जाऊन विचारलं तर उघडं पडायला होईल, म्हणून तो जिन्यात परत गेला, थोडा वेळ थांबला आणि चपलांचा आवाज करत पुन्हा आला. "चहा टाकू?" ती म्हणाली. तो हो म्हणाला. आजही, नेमकं काय होतं त्या दिवशी, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते आता विचारायचं म्हणजे त्या जिन्यातल्या उभ्या राहण्यासकट सगळं सांगावं लागणार.

आत्याबाईंच्या गालाची झडप आता फार जोरात उघडत होती. मध्येच थांबत होती. त्या थांबण्यात तोही श्वास धरत होता, आणि ती पुन्हा हलली की सोडत होता. असं पाचसहा वेळा झाल्यावर त्याने बायकोला फोन लावला.

"काय झालं?" ती म्हणाली. हॅलो नाही, काही नाही.

"काही नाही, सहज."

"सहज तू फोन करत नाहीस. आत्याबाई?"

"आहेत."

"कशा आहेत?"

"किंचित तिरक्या आहेत."

"तिरक्या म्हणजे काय?"

"म्हणजे पाणी कमी झालेलं आहे, त्यामुळे."

"आपोआप कमी झालं?"

"नाही." त्याला हे वाक्य जड गेलं. "मी काढलं. जास्त काढलं. आणि मग नळ गेला."

"अरे, आज बंद आहे ना तुमच्याकडे! मी वाचलं परवा पेपरात. 'पुरेसा साठा' लिहिलंय म्हणजे तूच लिहिलं असशील."

या शहरात त्याच्या सूचना वाचणारं एक माणूस होतं, आणि ते त्याचे शब्द ओळखत होतं. ही बातमी त्याला अशा वेळी मिळत होती की तिचा आनंदही मानता येत नव्हता.

"मग आता काय काय ओतलंस त्यात?"

"काहीच नाही. सगळं आणून ठेवलंय. फिल्टरचं, जारचं, समोरच्यांच्या बोअरचं. वरच्या डॉक्टरांच्या एसीचं."

"एसीचं?"

"जोरात लावायला सांगितलं त्यांना."

फोनमधून एक आवाज आला. हसू असावं, किंवा खोकला. "त्यातलं काहीही घालू नकोस," ती म्हणाली. "पंप तेवढा पाण्याखाली राहील असा बसव आणि हवेची नळी चालू ठेव. वरून ओलं फडकं टाक तिच्या पंखावर. आणि कॅन घेऊन इकडे ये. मोठे, झाकणाचे. धुऊन... नको, धुणार कशाने. पुसून आण."

"तिथे आहे पाणी?"

पलीकडे तिने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आहे. ये तू."

टॅक्सीत रिकामे कॅन एकमेकांवर आपटत राहिले. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं, "तेल आणायला का?" तो म्हणाला, "पाणी," आणि टॅक्सीवाल्याने आरसा परत रस्त्याकडे वळवला. शहर मागे सरत होतं, दुकानांची शटरं, सिग्नल, एका इमारतीपुढे टँकरभोवती जमलेली माणसं. एक बाई हातवारे करत काहीतरी विचारत होती आणि टँकरवाला खांदे उडवत होता. होणाऱ्या गैरसोयीबद्दल, त्याच्या डोक्यात सुरू झालं आणि त्याने ते थांबवलं. त्याला एवढंच कळत नव्हतं की धाकटीकडे नळाचं पाणी असलं तरी त्यात क्लोरीन असणारच, आणि हे बायकोला त्याच्यापेक्षा जास्त माहीत. मग ती कुठलं पाणी देणार? या प्रश्नाला एक उत्तर होतं. ते त्याच्या मनाच्या कडेला येऊन उभं राहिलं होतं, आणि तो कॅनची झाकणं पुन्हा पुन्हा घट्ट करत होता.

दार धाकटीने उघडलं. "या भावजी! बसा ना. म्हणजे... चहा टाकू का?" बोलता बोलता ती आतल्या खोलीच्या दाराआड सरकली, पण दार मोठं आणि धाकटी किरकोळ, त्यामुळे काही झाकलं गेलं नाही. आतून बायकोचा आवाज आला, "कॅन घेऊन ये इकडे." तो आत गेला.

खिडकीपासून लांब, उन्हाची तिरीप येणार नाही अशा भिंतीला, नवी टाकी होती. भक्कम लाकडी मांडणीवर, पातळी बघून बसवलेली. दिवा लावलेला, फिल्टर चालू, तळाला धुतलेले गोटे, एका कोपऱ्यात हिरवी वेल पाण्याच्या ओढीने एका बाजूला झुकलेली. पाणी इतकं नितळ की आहे की नाही कळू नये. तो वाकला आणि वेलीच्या मागे पाहू लागला.

"मासे कुठेत?"

"नाहीत अजून," मागून धाकटी उत्साहाने म्हणाली, "महिनाभर नुसतं पाणीच फिरतंय. मी म्हटलं, ताई, बिल बघ विजेचं! तर म्हणे आधी टाकी मुरू दे नीट, मग आत्या..." ती थांबली. "मी चहाचं बघते हं."

महिनाभर. म्हणजे आली त्याच आठवड्यात. काही दिवस राहायला आलेलं माणूस टाकी मांडत नाही. टाकी मांडायला भिंत ठरवावी लागते, मांडणी करून घ्यावी लागते, गोटे धुवावे लागतात. आणि मग रोज संध्याकाळी रिकाम्या पाण्यासमोर बसून वाट पाहावी लागते. ती त्याला फोनवर विचारत होती, आत्याबाई कशा आहेत, आणि तो म्हणत होता, मजेत. आणि इकडे हे पाणी फिरत होतं. त्याचा हिशेब चुकला नव्हता. माशासाठीच येणार होती ती. फक्त न्यायला.

बायकोने नळीचं टोक तोंडाशी धरलं, बारीकशी ओढ दिली आणि ओठाला पाणी लागायच्या आत बोटाने बंद करून कॅनमध्ये सोडलं. त्याने कॅन धरला. तिच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. केस कापले होते, किंवा आधीपासून कापलेले असतील.

"शनिवारी येणारच होते," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तेव्हा सांगणार होते."

"हं," तो म्हणाला, आणि मग, हा हं त्याला स्वतःलाच ऐकू आल्यामुळे, "छान आहे टाकी. पातळीत बसलीय," म्हणाला. कॅन भरत गेला तसा जड होत गेला. टाकीतली पाण्याची रेघ काचेवरून खाली सरकत होती, वेल आडवी पडत होती. एक कॅन, दुसरा, तिसरा. "एवढं काढू नकोस," तो म्हणाला, "इकडचं संपेल."

"मग काय करू? थोडं घालून भागणार आहे का तिचं?" ती म्हणाली, आणि चौथा पुढे ओढला.

ती बरोबर निघाली. पर्स घेतली फक्त. "तुला ओतता येणार नाही. भसाभस ओतशील," असं टॅक्सीत बसताना म्हणाली, न विचारताच. धाकटीचा चहा तसाच राहिला. सबंध रस्ताभर कॅन पायांत धरून दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होती, आणि वळणावर पाणी हिंदकळलं की दोघांचे हात एकदमच झाकणांवर जात होते.

घरात शिरल्यावर तिने त्या बादल्या, पिंप, जार, तीन रंगांच्या बाटल्या यांच्यावरून एकदा नजर फिरवली आणि त्यांच्यातून वाट काढत टाकीपाशी गेली. फडकं उचललं. झडप हलत होती, फार सावकाश, पण हलत होती. "आलेय गं," ती म्हणाली. मग वाटीने कॅनमधलं पाणी काढून काचेच्या कडेने सोडायला सुरुवात केली, या हाताचं त्या हाताला कळू नये इतकं हळू. तो कॅन तिरका धरून उभा राहिला. त्याचे दंड भरून आले तरी त्याने बाजू बदलली नाही. पाणी पंखाच्या वर गेलं. आत्याबाई तशाच होत्या. आणखी वर गेलं. मधेच तिने टाकीतल्या फिल्टरचं झाकण उघडून आतला काळपट स्पंज दाबून पाहिला.

"ओला आहे. सुटलास," ती म्हणाली. "हा वाळला असता ना, तर खरं संपलं असतं. सगळा जीव यात असतो. घाण खाणारे जंतू म्हणतात ते, ते इथे राहतात. पाण्यात काही नसतं. पाणी काय, एक दिवस उघडं ठेवलं की औषध उडतं, की झालं."

"मला वाटलं पाणीच मुरावं लागतं."

"टाकी मुरते म्हणजे हा मुरतो." तिने स्पंज परत बसवला.

उजेड उतरायला लागला होता. कुणी दिवा लावला नाही. तिसरा कॅन संपत आला तेव्हा आत्याबाईंची शेपटी एकदा हलली, मग अंग थरथरलं, आणि त्या एका बाजूने, फार मोठं ओझं ढकलत असल्यासारख्या, सरळ झाल्या, पुन्हा कलंडल्या, पुन्हा सरळ झाल्या आणि तशाच, तळाशी गोट्यांना टेकून, राहिल्या. तोंडाचे कोपरे खाली वळलेलेच होते. बायकोने श्वास सोडला. त्याने मात्र धरूनच ठेवला, कारण आता मासा बरा होता, आणि परवा शनिवार होता.

"नेणार होते मी हिला," ती म्हणाली.

"कळलं मला."

"तिकडे आता तळाला गेलं पाणी." ती काचेकडेच बघत होती. बोटाने काचेवरचा एक जुना ओघळ पुसत होती. "नवीन भरायचं, पुन्हा पहिल्यापासून मुरवायचं. महिना तरी गेला आता."

तो चौथ्या कॅनचं झाकण उघडत होता, ते तसंच हातात राहिलं. तिकडचा स्पंज जागेवर होता. फिल्टर चालू होता, त्याने डोळ्यांनी पाहिला होता, चांगला बुडबुडे काढत होता. उद्या धाकटीने नळाचं पाणी भरून ठेवलं की परवा टाकी तयार. हे त्याला कळत होतं, कारण आत्ताच, याच खोलीत, तिनेच सांगितलं होतं. आपण काय सांगितलं ते विसरणाऱ्यांतली ती नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा दिसत नव्हता, मान दिसत होती, आणि काचेवर फिरणारं ते बोट, जिथे आता ओघळ उरला नव्हता. चुकीची माहिती कानावर पडली की दुरुस्त करायची त्याला नोकरीतली जुनी खोड होती. वाक्य जिभेवर तयारही झालं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. त्याने ते गिळलं.

"महिना?" तो म्हणाला. "जास्तच लागेल. दिवसभर वाचतोय मी, पाण्याचं काही सांगता येत नाही."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि मागे न बघता वाटीसाठी हात पुढे केला.